भांडेर वालुकाश्माच्या काचपट्ट्या: अभ्यासासाठी घ्याव्यात अशा

विंध्य महासमूहातील (मध्य भारतातील प्राचीन, मुख्यतः गाळाच्या खडकांच्या थरांतील) भांडेर वालुकाश्माच्या या काचपट्ट्या, म्हणजे खडकाचे पातळ छेद चिकटवलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या पट्ट्या, मी भूविज्ञानाच्या अध्यापनासाठी मागवल्या. आग्रा आणि फतेहपूर सिक्री येथील बांधकामांमुळे विंध्य खोऱ्यातील लाल वालुकाश्म सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र त्याची खनिज रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची संधी, बेसॉल्टच्या प्रदेशात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच मिळते.

छेदांची जाडी प्रमाणित ०.०३ मिलिमीटर इतकी अचूक राखलेली आहे, कारण क्वार्ट्झचे कण ध्रुवित प्रकाशात पिवळट न दिसता स्वच्छ करड्या-पांढऱ्या छटांत दिसतात. खडक जवळजवळ संपूर्णपणे क्वार्ट्झचा आहे. मूळ कण चांगले गोलावलेले असून त्यांच्याभोवती लोहऑक्साइडची बारीक, धुळकट कड दिसते, आणि त्या कडेबाहेर नंतर वाढलेल्या सिलिकाने कणांमधील पोकळ्या भरून काढल्या आहेत. मूळ कण कोठे संपतो आणि सिमेंट (कणांना जोडणारे नैसर्गिक सिलिका) कोठे सुरू होते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा नमुना माझ्या पाहण्यात फारसा नाही. दगडाचा लाल रंग या हेमॅटाइटच्या (लोहऑक्साइडच्या खनिजाच्या) पातळ लेपाचा आहे, हेही विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष पटते. फेल्डस्पार हे खनिज अत्यल्प आहे. झिरकॉन व टूर्मलीन या खनिजांचे तुरळक कण शोधावे लागतात.

एक उणीव गंभीर वाटते. पट्टीवर केवळ खडकाचे नाव आहे. खाणीचे ठिकाण व थराची पातळी नोंदवलेली नाही. त्यामुळे अध्यापनासाठी मी हा संच निःसंकोच सुचवीन, संशोधनासाठी नाही.