पाणी तपासणीचे थेंब-किट: तलावात मासे पाळणाऱ्यांसाठी परीक्षण

तलावात मासे एकाएकी मरून तरंगू लागले की ‘कोणीतरी विष टाकले’ ही शंका आमच्याकडे सर्वांत आधी घेतली जाते, आणि पाण्याचा नमुना मात्र दुपारी घेतला जातो, जेव्हा मासे मारणारी परिस्थिती बहुधा ओसरून गेलेली असते. आमच्या मच्छीमार संस्थेसाठी नागपूरच्या सीताबर्डीतील प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानातून घेतलेले हे किट याच कारणाने मला मोलाचे वाटते, कारण त्यामुळे पहाटे काठावर बसून पाणी तपासता येते. त्यात विरघळलेला प्राणवायू, अमोनिया आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते) अशा तीन तपासण्यांची सोय आहे.

प्राणवायूची तपासणी हा या किटचा सर्वांत उत्तम भाग आहे. काचेची बाटली पाण्याखालीच भरून, आत एकही बुडबुडा न राहू देता बंद करावी लागते; मग मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे अल्कलीयुक्त द्रावण घातले की प्राणवायू असल्यास तपकिरी साका तयार होतो आणि तो जवळजवळ नसल्यास साका पांढराच राहतो. तो पांढरा साका एकदा पाहिला की मासे का मेले, हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे आम्ल घालून साका विरघळवायचा, स्टार्चने निळा रंग आणायचा आणि तो नाहीसा होईपर्यंत थायोसल्फेटचे थेंब मोजायचे; त्या थेंबांवरून प्राणवायूचा आकडा निघतो. आम्ल घातल्यावर नमुना काही तास अंधारात ठेवता येतो, त्यामुळे थेंब मोजण्याचे काम घरी येऊन सावकाश करता येते. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावांत नायट्राइटमुळे आकडा खोटा वाढतो; ते टाळणारे अझाइड या किटच्या द्रावणात आहे, आणि नागपूरसारख्या शहराभोवतीच्या पाण्यासाठी ही बाब निर्णायक आहे.

माहितीपत्रकात मात्र तपासणीची वेळ कोठेही दिलेली नाही, आणि ही या किटची सर्वांत मोठी उणीव आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदामुळे हिरव्यागार झालेल्या तलावात शेवाळ दिवसा भरपूर प्राणवायू सोडते, रात्री तेच शेवाळ आणि तळाच्या गाळातील जिवाणू तो वापरून टाकतात, आणि सूर्योदयाच्या आधी पातळी नीचांकाला जाते. दुपारचा आकडा अशा तलावाला निरोगी ठरवतो. त्यात उन्हाळ्याची भर पडते: 20 अंश तापमानाचे पाणी लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, 30 अंशांना ते प्रमाण साडेसातच्या आसपास येते, आणि गरम पाण्यात माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू अपेक्षित आहे. तो पहाटे टिकतो का, हेच तपासायला हवे. मृगाच्या पहिल्या सरींनी नाल्यांतील घाण तलावात उतरते आणि आभाळ भरलेले राहते, तेव्हा तर ही तपासणी चुकवू नये.

आकड्याशेजारी जाळ्यात काय आले तेही वहीत लिहावे, असा माझा आग्रह आहे. रोहू, कटला आणि मृगळ यांना पाण्यातील प्राणवायूवाचून गत्यंतर नसते, तर मागूर, शिंगी आणि मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतात. 1952 मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापियाही कमी प्राणवायू बराच सोसतो, शिवाय मादी अंडी तोंडात सांभाळत असल्याने तो रिकाम्या झालेल्या तलावात झपाट्याने पसरतो. म्हणून ज्या तलावात वर्षागणिक हवा घेणारे मासे आणि तिलापिया एवढेच उरत जातात, तेथे बिघाड एका रात्रीचा नसतो.

अमोनियाची तपासणी सोपी आहे, परंतु ती एकूण अमोनिया दाखवते, आणि माशांना घातक असतो तो त्यातील मुक्त, म्हणजे आयनरूपात नसलेला, अंश. पाणी 30 अंशांचे असताना सामू 7 असेल तर हा अंश एक टक्क्याहूनही कमी, 8 असेल तर सुमारे सात टक्के, आणि 9 असेल तर चाळीस टक्क्यांच्या पुढे असतो. शेवाळ माजलेल्या तलावाचा सामू दुपारी 9 च्या घरात सहज जातो. असे असताना सामूसाठी दिलेल्या कागदी पट्ट्यांवर 8 आणि 9 यांचे रंग वेगळे ओळखूच येत नाहीत, आणि मुक्त अंशाचा तक्ताही जोडलेला नाही. सामूसाठी वेगळे थेंब-द्रावण विकत घ्यावे, हे मी स्पष्टपणे सांगेन.

काही ताण या किटला दिसणारच नाहीत. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारात आणि ओढ्यांत पसरले होते. अशी बारीक राख कल्ल्यांवर बसते, तळाशी साचून अंडी आणि माशांचे खाद्य असलेले कीटक गाडते, आणि तरीही प्राणवायूचा आकडा बरा येऊ शकतो. जड धातूंसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

सुट्या बाटल्या पुन्हा मिळतात, ही मोठी सोय आहे. मात्र स्टार्चचे द्रावण लवकर खराब होते, म्हणून मे महिन्यात ते फ्रिजमध्ये ठेवावे. आम्ल आणि अझाइड हाताळताना हातमोजे आवश्यक आहेत, आणि ते किटमध्ये येत नाहीत.