मुलुंडच्या आमच्या सोसायटीतलं वेळ ठरवून चार्जिंग: सेवा चांगली, पण करार नीट वाचा

आमच्या सोसायटीने पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर, ईव्ही चार्जिंगची सेवा घ्यायचं ठरवलं तेव्हा कमिटीत सगळी चर्चा युनिटच्या दराची झाली. मी सबस्टेशनमध्ये वर्षानुवर्षं शिफ्ट केल्या आहेत, त्यामुळे माझं लक्ष रात्री आठच्या लोडवर होतं. घराघरांत एसी, दोन्ही लिफ्ट वरखाली, पाण्याचा पंप चालू, आणि ऑफिसातून आलेला प्रत्येक जण गाडी लावल्या लावल्या प्लग खुपसणार. ७.२ किलोवॅटचा एक चार्जर साधारण ३२ अँपिअर खेचतो. असे सहा एकदम चालले की ४३ किलोवॅट. कॉमन मीटरचा मंजूर लोड त्याला पुरलाच नसता.

ही सेवा नेमकं तेच सांभाळते. प्लग लावला की अ‍ॅप दोनच गोष्टी विचारतं: सकाळी किती वाजता निघणार आणि बॅटरी किमान किती टक्के हवी. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा पहाटे एअरपोर्टची भाडी मारतो, त्याची गाडी आधी भरते. माझी दहानंतर निघते, ती मागे थांबते. लिफ्टचा लोड वाढला की चार्जरचा करंट आपोआप १६ अँपिअरवर येतो, पुन्हा चढतो. मध्यरात्रीनंतर गाड्या थोड्या थोड्या अंतराने एकेक सुरू होतात, हे मला सगळ्यात आवडलं. शहरातल्या सगळ्या गाड्या घड्याळ लावून एकाच मिनिटाला चालू झाल्या तर संध्याकाळचा पीक लोड फक्त रात्री सरकेल. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते, एकदम लोड आला की ती घसरते, आणि असा झटका कंट्रोल रूममधल्या माणसाला सोसावा लागतो.

ज्यांची गाडी दिवसा घरी असते त्यांनी दुपारची वेळ निवडावी. तेव्हा सौरवीज भरपूर असते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांतही सौरतासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे.

आता तक्रार. पावसात पोडियमवर नेटवर्क गेलं की चार्जरला सूचना मिळायच्या बंद होत आणि तो सरळ पूर्ण करंटवर सुरू होई, तेही ऐन संध्याकाळी. वेळापत्रक चार्जरमध्येच साठवलेलं हवं आणि संपर्क तुटला तर करंट कमीच राहायला हवा. बरेच फोन केल्यावर त्यांनी ते करून दिलं. तुम्ही करार करताना पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विक्रीला आलेल्या माणसाने सांगितलं, ‘‘मॅडम, तुमच्या नेक्सॉनमध्ये व्ही-टू-एल आहे, म्हणजे गाडी ग्रिडला वीज देऊ शकते.’’ नाही देऊ शकत. व्ही-टू-एल म्हणजे गाडीच्या बॅटरीवर थेट उपकरणं चालवायची सोय; त्यावर किटली चालते, पंखा चालतो. गाडीतली वीज ग्रिडमध्ये सोडायची तर दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो, वीज कंपनीची परवानगी लागते आणि बाहेरची लाइन गेली की क्षणात वेगळं होणारं संरक्षण लागतं. ते नसेल तर बंद समजलेल्या लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. कृपा करून कोणीही असा जुगाड करू नका.

खरं ग्रिडला वीज देणं मात्र यावं, असं मला मनापासून वाटतं. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. वीज जास्त असते तेव्हा पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या तेच काम गल्लीगल्लीत करू शकतील. माझ्या ४०.५ किलोवॅट-अवरच्या बॅटरीतले २० टक्के म्हणजे आठ युनिट. संध्याकाळी ती द्यायला मी तयार आहे. फक्त येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर हवा, त्या युनिटचा दर संध्याकाळच्या दराला धरून हवा, आणि बॅटरीची जादा झीज कोण सोसणार हे आधी कागदावर हवं.