व्हिस्कीसाठी भागीदारी: वॉश विकावा, पिंप फिरवावं की बिअरच गाळावी?

तुमची छोटी ब्रुअरी आहे आणि शेजारच्या डिस्टिलरीचा मालक म्हणतोय, "चला, मिळून व्हिस्की काढू." हो म्हणण्याआधी त्याला विचारा, मिळून म्हणजे नेमकं काय? कारण या शब्दाआड तीन वेगळे धंदे आहेत.

पहिल्यात तुम्ही वॉश करून द्यायचा आणि त्यांनी तो गाळायचा, म्हणजे डिस्टिल करायचा. वॉश म्हणजे ढोबळमानाने हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) न घातलेली बिअर. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), टाक्या, यीस्ट सगळं तुमच्याकडे असतंच. पैसे लगेच हातात येतात, व्हिस्की मुरेपर्यंत थांबायचं ते त्यांनी. पण हिशेब मांडून बघा. 200 लिटरचं पिंप 62.5 टक्क्यांच्या दारूने भरायचं तर 125 लिटर शुद्ध अल्कोहोल हवं. वॉश 8 टक्क्यांचा असेल तर कागदावरच 1,560 लिटर लागतात, गाळतानाची घट वेगळी. एका पिंपापायी एक टाकी चार-पाच दिवस अडकते. ऐन उन्हाळ्यात, बिअर पुरत नसताना, हे परवडेल का?

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या स्ट्रॅनाहान्स या व्हिस्की डिस्टिलरीची सुरुवात 2004 मध्ये अशीच झाली. डेन्व्हरमध्ये त्यांना वॉश यायचा तो फ्लाइंग डॉग ब्रुअरीतून, आणि जॉर्ज स्ट्रॅनाहान यांचा दोन्हीकडे हात होता. पुढे फ्लाइंग डॉगने उत्पादन मेरीलँडला हलवलं आणि डिस्टिलरीने शेवटी स्वतःचं ब्रूहाउस थाटलं. इतका घरोबा असून ही गत. तुमचा तर नुसता करार असेल. डिस्टिलरी वाढली की वॉश घरीच करायचं ठरवते, आणि बाटलीवर तुमचं नाव तसंही नसतं.

दुसरा धंदा पिंपांचा, आणि माझं मत याच बाजूने आहे. अमेरिकेत बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावं लागतं, त्यामुळे वापरलेली पिंपं ब्रुअरीला विकणं ही तिथे नेहमीची गोष्ट. त्याला भागीदारी म्हणू नका. पिंप परत जातं तेव्हा भागीदारी सुरू होते. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या फ्रान्सिस्कन वेल ब्रुअरीने 2013 मध्ये जेमसन व्हिस्कीची पिंपं घेतली, त्यांत स्टाउट (काळसर बिअर) मुरवली आणि पिंपं जेमसनच्या मिडलटनमधल्या डिस्टिलरीला परत पाठवली. त्यांत जेमसन पुन्हा काही काळ ठेवून कास्कमेट्स तयार झाली. ब्रुअरीला बॅरलमधली स्टाउट मिळाली, डिस्टिलरीला नवी व्हिस्की, आणि दोघांनी आपापला माल आपापल्या नावाने विकला.

एडिनबराचा किस्सा तर याहून मजेचा. विल्यम ग्रँट या स्कॉच कंपनीला आपल्या व्हिस्कीसाठी बिअरचा वास लागलेली पिंपं हवी होती, आणि बिअर पुरवली कॅलेडोनियन ब्रुअरीने. ती बिअर ओतून द्यायची असं ठरलेलं! कामगारांनी चाखली, ती भलतीच जमली होती, आणि 2003 मध्ये त्यातून डगल शार्प यांची इनिस अँड गन ही बिअर कंपनी उभी राहिली. म्हणून पिंपातल्या बिअरवर हक्क कोणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

इथे अंतरालाही महत्त्व आहे. रिकामं पिंप शेडमध्ये काही आठवडे पडलं की लाकूड वाळतं, फळ्यांत फटी पडतात, आत बुरशी धरते. कॉर्कहून मिडलटन गाडीने अर्ध्या तासावर आहे. तुमचा भागीदार दोन राज्यं पलीकडे असेल तर पुन्हा विचार करा.

तिसरा प्रकार म्हणजे विक्रीला तयार असलेली बिअरच गाळायची. कॅलिफोर्नियात चारबे डिस्टिलरीने बेअर रिपब्लिक ब्रुअरीची रेसर 5 ही आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) गाळून आर5 ही व्हिस्की काढली. हॉप्सचा सुगंध थेट व्हिस्कीत उतरतो, चवीच्या दृष्टीने सगळ्यात धाडसी काम हेच. पण हॉप्सचा, उकळण्याचा, टाकीतल्या दिवसांचा खर्च आधीच झालेला असतो, आणि त्या बिअरमधला बहुतेक भाग पाणी म्हणून मागे राहतो. हौस म्हणून एखादी बॅच करा, रोजचा धंदा म्हणून नको.

तेव्हा सुरुवात पाच-दहा पिंपांनी करा. वॉशची मागणी आलीच तर फक्त मंदीच्या महिन्यांपुरती घ्या. किमान ऑर्डर आणि करार मोडायची मुदत लेखी घ्या. आणि पिंपातली बिअर आंबट निघाली तर ते पिंप परत कोण घेणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या.