वर्कशॉप म्हणालं टोटल लॉस, काकांनी टेप लावली: अडीच हजारांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या कंपनीचा नाहीये. एक रिटायर्ड मोटर सर्व्हेयर आहेत, पस्तीस वर्षं इन्शुरन्स कंपन्यांसाठी ॲक्सिडेंटच्या गाड्या बघितल्या, आता लायसन्स सोडलंय आणि ओळखीतून कोणी आलं तर गाडी बघून एस्टिमेट वाचून देतात. अडीच हजार घेतात. नाव इथे टाकायचं नाही ही त्यांचीच अट, म्हणून काका म्हणतो.

तर झालं असं, जुलैमधे पावसात कात्रजच्या नवीन बोगद्याकडून खाली येत होतो, नवले पुलाचा उतार, पुण्यात राहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. पुढच्याने ब्रेक मारला, मी मारला, मागच्या टेम्पोने मारला की नाही माहित नाही पण तो आमच्या डिकीत आला आणि त्या धक्क्याने आमचं नाक पुढच्या गाडीत गेलं. लागलं कोणाला नाही, बायकोच्या मानेला पट्टा आठवडाभर, बस. एअरबॅग उघडल्या नाहीत. गाडी २०२१ ची वॅगन आर, टोचन करून ऑथोराइज्ड वर्कशॉपला नेली, क्लेम टाकला.

तिसऱ्या दिवशी सर्व्हिस ॲडव्हायजरचा फोन. "सर, एस्टिमेट २ लाख ९६ हजार आलंय, तुमची आयडीव्ही ३ लाख ६० हजार, म्हणजे टोटल लॉसमधे जाते गाडी. तुम्ही आयडीव्ही घ्या आणि मोकळे व्हा, गाडी घ्यायला आमच्याकडे माणूस आहे." (आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, आणि टोटल लॉस म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून गाडी बाद धरून ती किंमत देणं.) इतक्या गोड आवाजात म्हणाला की मी हो म्हणणारच होतो. पण रात्री हिशोब मांडला तर हातात ३ लाख ५९ येणार (हजार रुपये कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातला हिस्सा, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढाच असतो) आणि आमच्याच वर्षाची, एवढीच चाललेली वॅगन आर बघायला गेलो तर साडेचारच्या खाली कोणी बोलायला तयार नाही. म्हणजे माझी चूक नसताना मीच नव्वद हजार घालून पुन्हा तीच गाडी घ्यायची? शेजारच्या गॅरेजवाल्या दादांनी काकांचा नंबर दिला.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वर्कशॉपच्या गेटवर हजर, मी सव्वाआठला पोचलो तर घड्याळ दाखवलं. पिशवीत काय, एक टॉर्च, स्टीलची टेप, फ्रिजला लावतात तसं एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळलेलं, आणि पाठकोरे कागद. पहिली दहा मिनिटं गाडीला हातच लावला नाही, नुसते चारही बाजूंनी फिरले. मग दरवाजांच्या फटीतून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, चारही दरवाजे. मला म्हणाले तुम्ही फिरवा. मी फिरवलं. फट सारखीच लागत होती. "सारखी आहे ना, म्हणजे दारांमधला खांब हललेला नाही. हे एस्टिमेटमधे कुठे लिहिलेलं नसतं."

मग बोनेट दोरीने बांधलेलं होतं ते सोडवलं आणि इंजिनच्या वरून टेप तिरकी धरली, डावीकडच्या सस्पेन्शनच्या टॉवरपासून उजवीकडे पुढच्या टोकापर्यंत, मग उलटी तिरकी. एक टोक मला धरायला लावलं. दोन्ही मापांत फरक किती तर तीन-चार मिलिमीटर. ॲडव्हायजर तोपर्यंत येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "लाँग मेंबर सरळ आहे, एप्रनला नुसती चुणी आलीये, ओढून निघेल." (लाँग मेंबर म्हणजे बॉडीचे पुढचे लांब दांडे, एप्रन म्हणजे इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा.) नंतर डिकी (ती अर्धीच उघडत होती) वर करून स्टेपनी बाहेर काढायला लावली आणि खालच्या खळग्यात टॉर्च मारला. पत्रा चुरगळला होता पण वेल्डिंगचे ठिपके कुठे सुटले नव्हते. मागून मार बसला की लोक बंपर बघतात, ते म्हणाले आधी स्टेपनीची जागा बघायची, बंपर खोटं बोलतो.

त्यानंतर एस्टिमेट. एकेचाळीस ओळी. मला वाटलं होतं भाव जास्त लावले असतील, तर तसं नव्हतं, भाव कंपनीच्या लिस्टप्रमाणेच. गडबड दुसरीच होती. मागचा क्वार्टर पॅनल अख्खा बदलायचा लिहिलेला, म्हणजे तो पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो तो कापून नवीन बसवायचा, तर काका म्हणाले डेंटरकडून ओढून घ्या, कंपनीची वेल्डिंग एकदा कापली की ती तशी परत येत नाही, उद्या पाणी शिरेल आणि गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा तिथेच बोट ठेवेल. एसीचा कंडेन्सर फुटला होता हे खरं, पण त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरपण लावलेला, जो मागे सुरक्षित बसलाय. डावा हेडलाइट फुटलाय, उजव्याचा नुसता कान तुटलाय, तरी दोन्ही नवीन. आणि सगळ्यात भारी म्हणजे फुल बॉडी पेंट, ज्यात टप पण आला, टपाला तर पावसाशिवाय काही लागलं नव्हतं! अशा अकरा ओळींना पेन्सिलीने गोल केले आणि खाली आकडा लिहिला, २ लाख ५ हजार. लोहचुंबक कशाला आणलं होतं ते पण कळलं, मागच्या दाराला ते नीट चिकटेना, तेव्हा मला विचारलं की इथे आधी लांबी (पत्र्याच्या खड्ड्यात भरतात ती पुट्टी) भरलीये का? भरली होती, २०२३ ला सोसायटीच्या पार्किंगमधे खांबाला घासली होती, मीच विसरलो होतो. "मग हे दार या क्लेममधे घालू नका," म्हणाले. म्हणजे माझ्या बाजूने आलेला माणूस माझीपण एक ओळ खोडून गेला.

आता यातली मुख्य गोष्ट, जी मला चाळिशीपर्यंत माहित नव्हती. टोटल लॉसचा जो ७५ टक्क्यांचा नियम सगळे सांगतात, तो वर्कशॉपच्या एस्टिमेटला लागत नाही. पॉलिसीतलं वाक्य असं आहे की गाडी आणायचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींना धरून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरायची. अटींना धरून म्हणजे सर्व्हेयरने असेस केलेला आकडा. एस्टिमेट ही वर्कशॉपची इच्छा, असेसमेंट हा हिशोब, हे काकांचं वाक्य, मी फक्त टाइप केलं. आमची ७५ टक्क्यांची रेषा २ लाख ७० हजारांवर होती. २ लाख ९६ रेषेच्या वर, २ लाख ५ बऱ्यापैकी खाली. अकरा ओळींचा खेळ.

ज्यांच्याकडे झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नाही त्यांच्यासाठी अजून एक: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, काचेवर काहीच नाही, आणि पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. आजकालच्या गाड्यांची पुढची बाजू सगळी प्लास्टिकच, त्यामुळे तिथे खिशाला चांगली कात्री लागते. माझ्याकडे झिरो डेप होतं म्हणून वाचलो.

मी विचारलं काका, पण वर्कशॉपला टोटल लॉसमधे काय मिळतं, त्यांना तर रिपेअरचं काम हवं असेल ना. तर हसले. नेहमी हवं असतं असं नाही, बॉडीशॉप भरलेलं असेल तर महिनाभर कामाची जागा अडवणारी गाडी नको असते, आणि तो जो "माणूस आहे" तो फुकट नसतो. आणि इन्शुरन्स कंपनी काय बघते, तर आयडीव्हीमधून भंगाराची बोली वजा केली की स्वतःच्या खिशातून किती जातात. मोडकी गाडी दीड लाखाला जात असेल तर कंपनीला टोटल लॉस रिपेअरपेक्षा स्वस्त पडू शकतो. म्हणजे मी सोडून सगळ्यांना तोच बरा होता. यात कोणी चोर आहे असं ते म्हणाले नाहीत, मीपण म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. टोटल लॉस घ्यायचाच झाला तर आरसी कॅन्सल करून घ्यायची, गाडी आणि आरसी दोन्ही तशीच कोणाच्या हातात द्यायची नाही. मोटार व्हेइकल ॲक्टच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची बाद झाली की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आपली एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळच्या ऑफिसला. नाहीतर होतं काय, मोडक्या गाडीचा चॅसी नंबर आणि कागद कुठल्यातरी चोरीच्या गाडीवर चढतात आणि पोलीस येतात तुमच्या दारात.

पुढचं पटकन सांगतो. कंपनीच्या सर्व्हेयरने आधी फोनवर व्हिडिओ कॉल करूनच सर्व्हे उरकला होता, काकांच्या कागदाचा फोटो जोडून मी मेल केला आणि प्रत्यक्ष येऊन बघायची विनंती केली. आले. माणूस चांगला होता, चिडला नाही. अकरापैकी आठ ओळी मान्य केल्या. काकांच्या कागदाला कायद्याने काही वजन नाही हे त्यांनीही सांगितलं आणि काकांनी पण आधीच सांगितलं होतं, लायसन्सवाल्याचाच रिपोर्ट धरतात. पण तो रिपोर्टही काही ब्रह्मवाक्य नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ मधे एका ट्रकच्या केसमधे म्हटलंय की सर्व्हेयरचा रिपोर्ट महत्वाचा असला तरी शेवटचा शब्द नाही. अगदीच नाही पटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नाही म्हणाले की नारायण पेठेत केळकर रोडला इन्शुरन्स ओम्बड्समनचं (इन्शुरन्सच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल) ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

आता काकांच्या चुका, कारण नुसती आरती ओवाळायला बसलो नाहीये. गाडी उघडल्यावर फॅन मोटर आणि एक इंजिन माउंटिंग गेलेलं निघालं, सप्लिमेंटरी एस्टिमेट झालं, आणि मान्य न झालेल्या तीन ओळी धरून शेवटचं बिल २ लाख ३१ हजार. म्हणजे त्यांचा आकडा सव्वीस हजारांनी चुकला. विचारलं तर म्हणाले बाहेरून एक्सरे निघत नाही. खरंय, पण हे आधी सांगितलं असतं तर सप्लिमेंटरीचा फोन आला तेव्हा माझं बीपी वाढलं नसतं. स्कॅनर लावून इलेक्ट्रॉनिक्स तपासणं त्यांना येत नाही, ज्यांच्या गाडीत एअरबॅग उघडल्यात किंवा सेन्सरवाली नवीन गाडी आहे त्यांनी फक्त यांच्या भरवशावर राहू नये. कागद हाताने लिहिलेला, अक्षर डॉक्टरचं, मेल करत नाहीत. तुमच्या वतीने भांडत नाहीत, वर्कशॉपमधे ॲडव्हायजर तावातावाने बोलायला लागला तेव्हा हे टेप गुंडाळून चहा प्यायला गेले, मी एकटाच उभा.

आणि ते प्रत्येकाला रिपेअरच सांगतात असंही नाही. आमच्या ऑफिसमधल्या एकाची सेडान, वर्कशॉप म्हणत होतं खर्च आयडीव्हीच्या ७१ टक्के, रिपेअर आरामात होईल सर. काकांनी टपाच्या खांबावर, दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक सुरकुती दाखवली आणि म्हणाले ही गाडी घरी नेऊ नका, आधी सर्व्हेयरसमोर उघडायला लावा. उघडल्यावर आतलं निघत गेलं आणि ७५ च्या वर गेली, त्याने आयडीव्ही घेतली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं त्यानंतर पाण्यातल्या कितीतरी गाड्या त्यांनी बघितल्या, सेकंड हँड गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायची सवय त्यांनीच लावली, चिखलाची रेघ असेल तर तिथे सापडते.

माझ्या खिशातून किती गेले: हजार डिडक्टिबल, कन्झ्युमेबल कव्हर नव्हतं म्हणून ऑइल, कूलंट, नटबोल्ट वगैरेचे ३,४५०, काकांचे अडीच हजार. ३५ टक्के एनसीबी (क्लेम न केल्याची प्रीमियमवरची सूट) शून्यावर आला ते वेगळंच दुःख, पण तो टोटल लॉसमधेही गेलाच असता.

गाडी सव्वीसाव्या दिवशी घरी आली. डिलिव्हरीला काकांना पुन्हा नेलं (पाचशे रुपये वेगळे), त्यांनी पुन्हा फटीतून बोट फिरवलं, पेंटवर तिरका टॉर्च मारून एक लाट दाखवली ती वर्कशॉपने मुकाट पॉलिश करून दिली. जाता जाता म्हणाले डिकीचं लॉक पावसाळ्यात अडेल, नवीन रबर आहे, दोन महिने जरा आपटून लावा. अडतंय. आपटतोय.