नगररचनेतून ‘आतला अभिप्राय’ काढून देणाऱ्यापासून सावध राहा

प्लॉटवर घर बांधायचा विचार असेल आणि कुणी “आर्किटेक्टकडे जायच्या आधी नगररचनेतून अभिप्राय काढून देतो” (म्हणजे जागेवर बांधकाम होऊ शकतं का, याचं लेखी मत) म्हणत आलं, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमचे ४५,००० रुपये एजंटाकडे गेले. त्याच्या कागदाच्या भरवशावर करून घेतलेले नकाशे, माती परीक्षण आणि आरसीसी डिझाइनचा ॲडव्हान्स यांचा खर्च त्याहून जास्त झाला.

सासऱ्यांचा प्लॉट कोल्हापुरात, पंचगंगेच्या अंगाला. खाली पार्किंग आणि वर तीन मजले असा बेत होता. २०१९ आणि २०२१ चे पूर आम्ही पाहिलेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्यामुळे ‘आधी विचारून घेऊ, मग नकाशा काढू’ हे आमचं ठरलेलंच होतं. त्या माणसानं नेमकं हेच हेरलं.

तो कार्यालयाबाहेरच्या चहाच्या गाडीवर भेटला. काखेत नकाशांच्या गुंडाळ्या आणि तोंडात सतत डीपी (शहराचा विकास आराखडा), झोन (जागेचा ठरलेला वापर), रिमार्क. त्याचं पहिलं वाक्य खरंच होतं: “काका, आधी झोन बघा, डीपी रोड बघा, पूररेषा बघा, मगच आर्किटेक्टला पैसे द्या.” पुढचं वाक्य मात्र माझ्यासाठी होतं. “वहिनी, तुम्ही खिडकीवर अर्ज केलात की ‘बाधित’ असं लेखी येणार. एकदा लेखी आलं की ते रेकॉर्डला चिकटलं. मी आधी तोंडी बघतो, सुटत असेल तरच कागद काढतो.”

सगळी मेख या वाक्यात आहे. अहो, पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी ही पूररेषा नकाशावर आधीपासून आखलेली असते. तुम्ही विचारलंत म्हणून ती तुमच्या प्लॉटवर येत नाही आणि विचारलं नाहीत म्हणून सरकतही नाही. पण म्हाताऱ्या माणसाला अशी भीती घातली की तो खिडकीकडे फिरकतच नाही, आणि एजंटाला तेवढंच हवं असतं. वर आणखी एक पुडी सोडली: “रेषा नव्यानं आखतायत, तुमचा नंबर सुटतोय.” पैसे त्यानं आपल्या भाच्याच्या यूपीआयवर घेतले. पावती विचारली की “चलन मागाहून”.

कागद आला तो अगदी सरकारी थाटाचा. विषय, संदर्भ, ‘सदर जागा पूररेषेने बाधित होत नाही’, खाली सहायक संचालक, नगररचना यांची सही आणि गोल शिक्का. आता तो समोर धरला की सगळं दिसतं. सही आणि शिक्का एकाच फिकट जांभळ्या रंगात छापलेले, आणि मागून बोट फिरवलं तर पेनाचा दाब कुठंच लागत नाही. जोडलेल्या नकाशाच्या तुकड्याला प्रमाण नाही, उत्तरेचा बाण नाही. शेजारचे रि.स. नंबर (जमिनीचे सर्व्हे नंबर) एका ठशात आणि आमचा तेवढा जरा जाड.

आर्किटेक्टनी त्यावर नकाशे केले आणि प्रस्ताव ऑनलाइन दाखल केला. त्यांनी मूळ दाखला मागायला हवा होता, असं माझं मत. क्लायंटनं आणलेल्या कागदावर आम्ही विश्वास ठेवतो, असं त्यांचं. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

छाननीत प्रस्ताव अडकला. त्या जावक क्रमांकावर दुसऱ्याच कुणाचं पत्र नोंदलेलं होतं. प्लॉटचा नदीकडचा भाग निळ्या रेषेच्या आत निघाला. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं घर होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर होतं, आणि जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच घ्यावं लागतं. म्हणजे खरा अभिप्राय आधी हातात असता तर इमारत मागं सरकवून तेव्हाच आखता आली असती.

पैसे गेले त्याहून मोठी धास्ती पुढंच होती. बनावट कागद आमच्या प्रस्तावात, आमच्या सहीनिशी गेला होता. बनावट आहे हे माहीत असून दस्त खरा म्हणून वापरणं हाही गुन्हा आहे, तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे दाखवायची वेळ आमच्यावर आली. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसलं नव्हतं म्हणून निभावलं. माहिती अधिकारात त्या पत्राची प्रत मागितली, तर असा अभिलेख आढळून येत नाही असं लेखी उत्तर आलं. दहा रुपयांच्या अर्जावर मिळालेला हा कागद तक्रारीत सगळ्यात जास्त कामाला आला. असं पत्र तुमच्याकडे असेल तर प्रस्तावाला जोडायच्या आधीच त्याची प्रत मागून बघा.

आणि जे त्यानं ४५,००० ला विकलं, ते मुळात खिडकीवर मिळतं. झोन दाखला आणि भाग नकाशा या लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. अर्ज करा, फी भरा, पावती घ्या, ठरलेल्या मुदतीत तो द्यावाच लागतो. आरक्षण, डीपी रस्ता, झोन सगळं त्यातून कळतं. नदीकाठी असाल तर पूररेषेबाबत पाटबंधारे विभागाचा अभिप्राय वेगळा मागा. भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रतही (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) सोबत ठेवा, कारण हद्दच चुकली तर रेषा बरोबर असून उपयोग नाही. अर्ज मालकाच्या नावानं करा आणि उत्तरही मालकाच्याच पत्त्यावर येऊ द्या.

पोलिसांत फसवणूक आणि बनावट दस्त, दोन्हींची तक्रार दिली आहे. भाच्याचं खातं गोठवलं, त्यात सातशे रुपये होते. त्या चहाच्या गाडीवर आता तो दिसत नाही, पण परवा मिरजेच्या एका नातेवाइकांनी असाच एक कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. सही-शिक्का त्याच जांभळ्या रंगात, आणि रक्कम ६०,०००.