टिळकवाडीतल्या काकूंचे मांडे

निपाणीहून बेळगाव म्हणजे ७५-८० किलोमीटर. तरी कॉलेजातल्या दोन मैत्रिणींकडं दोन दिवस राहायला म्हणून जायला मला चार वर्षं लागली. एक टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहते, दुसरी शहापुरात. शनिवारी सकाळची शाळा सुटली, तशीच पिशवी घेऊन स्टँडवर गेले. निघताना आईनं एकच सांगितलं होतं : येताना मांडे आण. कुंदा नको, कुंदा कुणीही आणतंय. (कुंदा ही बेळगावची खव्याची मिठाई; मांडा म्हणजे गोड सारण भरून कागदासारखी पातळ ताणलेली, घडी घातलेली कडक पोळी.)

आईचं माहेर शहापूरचं. तिच्या लहानपणी शेजारच्या वाड्यात लग्न निघालं की आठ दिवस आधी मांडे करणाऱ्या बायका येऊन बसायच्या, आणि मोडलेले मांडे पोरांच्या हातावर पडायचे. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. गेल्या दिवाळीत एका मिठाईच्या दुकानातून तिच्यासाठी बंद पुडक्यातले मांडे आणले होते. पुडकं फोडल्याबरोबर खवट तुपाचा वास आला. आईनं एक तुकडा तोंडात घातला, काही बोलली नाही, ताटली बाजूला सारली. ते मला लागून राहिलं होतं. म्हणून या खेपेला टिळकवाडीतल्या मैत्रिणीला आधीच फोन करून सांगितलं, दुकानातले नकोत, घरात करणारी कुणीतरी बघ.

बसचं थोडक्यात सांगते. लाल बस, आधार कार्ड दाखवून झिरो तिकीट. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला पैसे नाहीत आणि शनिवारी दुपारी त्याचा अर्थ काय होतो ते चढल्यावर कळतं. संकेश्वरपर्यंत उभी होते. तिथं एक आजी उतरल्या, जागा मिळाली. वंटमुरीचा घाट ओलांडला की हवेत गारवा लागतो, तो याही वेळी लागला.

मैत्रिणीनं शोधलेलं घर तिच्यापासून चालत दहा मिनिटांवर, काँग्रेस रोडच्या आतल्या बाजूला. (१९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन इथंच भरलं होतं, गांधीजी अध्यक्ष होते; त्यांनी अध्यक्षपद घेतलं ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचं. त्या वेळी खोदलेली विहीर अजून आहे, सकाळी फिरायला गेलात तर बघून या.) घराला पाटी नाही. गेटवर जास्वंद, आत ओसरी, ओसरीच्या मागं पत्र्याची मोठी पडवी. घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. फोनवर ऑर्डर दोन दिवस आधी द्यावी लागते, वीसपेक्षा कमी करत नाहीत, आणि रविवारी सकाळी आठला न्यायला या म्हणाले. मी मुद्दाम साडेसहालाच गेले. करताना बघायचं होतं.

काकूंनी हाकललं नाही. “बसा की ओ, भट्टीपासून लांब बसा तेवढं,” म्हणाल्या.

आता ते कसं होतं ते नीट सांगते, कारण या मांड्यांची किंमत त्या बघण्यातच कळते. रवा-मैद्याची कणीक रात्रीच भिजवलेली. हाताला तूप लावून त्या ती ताणत, आपटत, परत गोळा करत होत्या. एक टोक धरून उचललं की रबरासारखी लांब येत होती, तुटत नव्हती. सारण वेगळ्या परातीत : पिठीसाखर, परतलेला खवा, तूप, वेलदोडा, थोडी खसखस. पेढ्याएवढ्या गोळीत सारण भरून आधी पोळीएवढं लाटलं. मग लाटणं बाजूला. पोळी दोन्ही हातांच्या मुठींवर घेतली आणि फिरवत फिरवत वाढवायला लागल्या. मुठींवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. त्या पोळीतून मला काकूंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या, एकेक मोजता येईल अशा. सारण आत असताना! पोळी कुठं फाटली नाही, साखर कुठं गोळा झाली नाही.

निखाऱ्यांवर पालथी घातलेली मोठी लोखंडी कढई. तिच्यावर ती चादर अलगद सोडली. मोजून काही क्षण. कडा सुटायला लागल्या की उलथन्यानं एक बाजू आत, दुसरी आत, परत एक घडी, आणि चौकोनी मांडा सुपात. सुपात पडताना तो मऊ रुमालासारखा होता. मी पदरानं घाम पुसून परत बघितलं तोवर कडक झाला होता, बोटानं टकटक केलं तर वाजला. घडी घालायला एवढाच वेळ असतो. मदतीला एक अक्का होत्या, त्यांचा एक मांडा घडीवर चिरला. काकूंनी बघितलं, तो मोडून माझ्या हातावर ठेवला. आईच्या गोष्टीतला मोडका मांडा असा हातात आला तेव्हा मला काही सुचेना, नुसती धरून बसले थोडा वेळ.

चवीचं. पहिल्यांदा तूप येतं, ताजं, रवाळ, मग साखर, आणि वेलदोडा अगदी शेवटी. खवा वेगळा कळत नाही, पण नसता तर ती स्निग्धता आली नसती. तोंडात घातल्यावर आधी कडकडतं आणि लगेच विरतं, दाताला चिकटत नाही. खानदेशात खापरावर करतात ते पुरणाचे मांडे मी एका लग्नात खाल्लेत. ते मोठे, मऊ, दुधा-तुपात बुडवून पोटभर खायचे. बेळगावचा मांडा त्या वळणाचा नव्हे. नाव एक, ताणायची कला एक, पण हा कागदासारखा कोरडा आणि टिकाऊ, म्हणून प्रवासाला आणि लग्नाच्या पंगतीला चालतो.

खायची पद्धत काकूंनी सांगितली ती जशीच्या तशी देते. वाटीत मांडा चुरायचा, कढत दूध, वर चमचाभर तूप, आणि थांबायचं नाही. “गप्पा मारत बसलात की लगदा होतोय, मग मला नावं ठेवू नका ओ.” मैत्रिणीच्या घरी आम्ही तसंच केलं. भावजींनी नुसताच कोरडा खाल्ला, चहाबरोबर. मला दुधातला जास्त आवडला, पण दुसऱ्या दिवशी कोरडाही तितकाच चांगला लागला. चार दिवसांनी मात्र कोरडाच खावा, दुधात पहिल्यासारखा फुलत नाही.

४० रुपयाला एक. हातात घेतला की वजनच लागत नाही, म्हणून महाग वाटेल. पहाटे चारपासून दोघीजणी उभ्या होत्या आणि साडेसहापर्यंत सुपात तीसही झाले नव्हते. मला ४० रुपये कमी वाटले.

आता न पटलेलं. पॅकिंग. मिठाईच्या पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात दहा-दहा रचून वर सुतळी. खाली रद्दी नाही, मध्ये कागद नाही. एवढं नाजूक काम करणाऱ्या हातांनी ते असं बांधावं याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि मी ते काकूंना तिथंच बोलले. “डबा आणायचा की,” म्हणाल्या. बरोबर आहे, पण मग फोनवर ऑर्डर घेतानाच सांगायला पाहिजे; परगावचा माणूस ऐनवेळी डबा कुठून आणणार? दुसरं, वीस सांगितले होते, मैत्रिणीच्या घरी मोजले तर एकोणीस निघाले. फोन केल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं आणि विसावा टिळकवाडीतल्या मैत्रिणीकडं पोचवला. मुद्दाम केलेलं नव्हतं, तरी घेताना मोजून घ्या.

रविवारी दुपारी शहापुरात दुसऱ्या मैत्रिणीकडं जेवायला. वाटेत कपिलेश्वराला जाऊन आलो. तिनं तिच्या शेतातल्या बासमतीचा भात केला होता. बेळगावचा बासमती लांब दाण्याचा नसतो, शिजताना मात्र अख्ख्या सोप्याला वास सुटतो. सोबत आमटी, वांग्याची भाजी, भाकरी. तिच्या सासूबाईंनी मांड्याचं खोकं उघडून बघितलं, एक कडा मोडून चाखली आणि विचारलं, “सारणात खोबरं नाही घातलंय न्हवं? मग बरोबर आहे. खोबरं घातलं की लवकर वास मारतंय.” दिवाळीतल्या त्या पुडक्यात खोबरं होतं की नाही, आता आठवत नाही.

परतीला मैत्रिणीनं तिचा पोळ्यांचा स्टीलचा डबा दिला, खाली-वर वर्तमानपत्र घालून. डब्यात बारा बसले, उरलेले खोक्यातच राहिले. डब्यातले बाराच्या बारा निपाणीला धड पोचले. खोक्यातल्या दोनाचा चुरा झाला.

आईनं आधी चुराच मागितला. दूध तापवून दिलं, तूप घातलं, ती खाली मान घालून वाटी संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “तूप घरचं आहे त्यांचं. विचारलंस का, कुठल्या म्हशीचं?” विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यात डबा परत द्यायला जायचंय, तेव्हा विचारीन, आणि या वेळी तीस सांगणार आहे.