शारजाचा फोन, नंबर मात्र इथलाच

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. टचचा फोन त्यांना जमत नाही आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही व्हिडिओतला चेहरा त्यांना धड ओळखू येत नाही. त्यांच्याकडं बटणाचा फोन आहे. वाजला की हिरवं बटण दाबायचं आणि बोलायचं, एवढंच त्यांना येतं. त्यांचा पणतू, म्हणजे माझ्या लेकीचा मुलगा, शारजात आहे. फसवणारा शिरला तो एवढ्या फटीतून.

आखातात ज्यांचं कुणी नाही त्यांना आधी हे सांगायला हवं, की संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर तोही जातो, पण फोन लागत नाही. तिथलं सरकार इंटरनेटवरून बोलायला ठराविक ॲपनाच परवानगी देतं. बोटिम त्यातलंच. माझं आणि लेकीचं बोलणं बोटिमवर व्हायचं, तक्रार नव्हती. पण बोटिमवरून फुकट बोलायचं तर दोन्हीकडं टचचा फोन आणि इंटरनेट लागतं. सासूबाईंच्या डबड्यावर थेट फोन करायचा तर लेकीला तिथून आयएसडी लावावा लागे, आणि आजीचं 'जेवलास का, काय जेवलास, भाजी कुठली होती' एवढं होईपर्यंत बिल चांगलंच चढे. मी इथून लावला तरी तेच. अमेरिकेला फोन लावणं आखातापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, कारण पलीकडची कंपनी फोन जोडून द्यायचे पैसे घेते आणि आखातातल्या कंपन्या ते भरमसाट घेतात. माझे दीर कुवेतला होते तेव्हा आम्ही पिवळ्या पाटीच्या बूथवर लाल आकडे पळताना बघत, घाम पुसत बोलायचो. एवढ्या वर्षांनी तोच घाम.

मागच्या जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेले होते. होम मैदानाच्या बाहेरच्या बाजूला सिमकार्डवाल्यांच्या छत्र्या असतात, त्यातल्या एका छत्रीवर हातानं लिहिलेला कागद लटकवला होता: 'दुबई, सौदी, कतार, वर्षभर बोला.' मी थबकले. टेबलामागचा पोरगा लगेच उठून उभा राहिला.

"बाई, ओळखलं नाही का? तुमच्याच शाळेत होतो की. सातवीला तुम्हीच होता आम्हाला."

तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कुणी असं म्हटलं की ती विरघळते. घरी आल्यावर तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं की मी जन्मात सातवीला शिकवलेलं नाही. माझे वर्ग कायम पहिली ते चौथी.

त्यानं सगळं भराभर सांगितलं. लेकीनं एक लिंक उघडून ॲप घ्यायचं, सोबत एक व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणारं ॲप, घ्यायचं आणि त्यातून आजींचा नंबर लावायचा. आजींकडं इंटरनेट नको, काही नको. त्यांचा साधा फोन वाजणार. वर्षाचे २,४०० रुपये. "फक्त आजींच्या सिमवर बाहेरचं इनकमिंग चालू करायला लागतंय, त्याला केवायसी हाय, ओळख पटवायची." सासूबाईंचं सिम माझ्याच नावावर आहे. मी आधार दिलं, अंगठा दिला.

ही पहिली थाप, आणि ती समजून घ्या. परदेशातून आपल्याला येणाऱ्या फोनसाठी आपल्या बाजूला काहीही चालू करावं लागत नाही. आधार नाही, अंगठा नाही, पैसे नाहीत. आपण बाहेर फोन लावणार असलो तर आयएसडी चालू आहे का ते बघायचं, आणि तेही आपल्या कंपनीलाच विचारून.

अंगठ्याचं यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, वायरनं मोबाइलला जोडलेलं. आत लाल उजेड. मी अंगठा ठेवला, तो म्हणाला, "येईना बाई." रुमालानं माझा अंगठा पुसला, परत ठेवायला लावला. "परत येईना. शेंगा सोलून सोलून ठसे झिजलेत वाटतंय." मी हसले. शेंगाचटणीच्या घरातला अंगठा, झिजणारच. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा "आला" म्हणाला. मधे दोन-तीन वेळा मोबाइल तोंडासमोर धरून "डोळे मिचकवा" असंही झालं. स्क्रीन पूर्ण वेळ त्याच्याकडं वळलेली होती. मी एकदाही म्हटलं नाही की बाळा, इकडं फिरव जरा.

लेक तयार नव्हती. "आई, इथं व्हीपीएनचं लफडं असतं," असं ती स्वच्छ म्हणाली होती. मीच मागं लागले. आजीचं वय काय, किती दिवस राहिलेत, हे सगळं तिला ऐकवलं. माझं हे वागणं मला २,४०० रुपयांपेक्षा जास्त लागतं.

आणि फोन सुरू झाला! रोज दुपारी साडेचारच्या सुमाराला, तिथं तीन वाजता, नातू शाळेतून आला की. आवाज थोडा पोकळ यायचा, आपण बोललेलं पलीकडं अर्ध्या श्वासानं पोचायचं, कधी नुसतं एकाच बाजूचं ऐकू यायचं. पण सासूबाई खूश. "पोरगं शेजारच्या खोलीतनं बोलल्यागत वाटायलंय," असं त्या येईल त्याला सांगायच्या.

खोलीतनंच म्हणा. कारण पडद्यावर नंबर यायचा तो आपल्या देशातला, दहा आकडी. शारजाचा फोन असेल तर पुढं ९७१ दिसायला हवं. ते कधीच दिसलं नाही. नंबर दर दोन-चार दिवसांनी बदलायचा. मी त्या पोराला विचारलं तर म्हणाला, "तीच तर सिस्टीम हाय, म्हणून स्वस्त पडतंय. सेव्ह करू नका फक्त." मला मास्तरकीची खोड, कुठलीही गोष्ट कागदावर उतरवल्याशिवाय चैन पडत नाही. सेव्ह केला नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत प्रत्येक नवा नंबर पेन्सिलनं लिहून ठेवला. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.

साधारण दीड महिन्यानं फोन बंद पडला. पोरगा म्हणाला गेटवे बदललाय, १,५०० पाठवा. पाठवले. चार दिवस चालला, परत बंद. मग त्याचाही फोन बंद. होम मैदानावर तोवर छत्री कुठली आणि गड्डा कुठला, पोरं क्रिकेट खेळत होती.

इथपर्यंतच असतं तर ३,९०० रुपयांचा चुना लागला म्हणून गप्प बसले असते. लाजेनं कुणाला सांगितलंही नसतं.

पाडव्याला पुतण्या पुण्याहून आला. त्याला गंमत म्हणून सांगितलं तर त्याचा चेहरा बदलला. "काकू, अंगठा कितीदा दिला?" तीनदा म्हटल्यावर त्यानं जेवणाचं ताट सरकवलं आणि माझा मोबाइल घेतला. संचार साथी म्हणून दूरसंचार खात्याचं पोर्टल आहे, ॲपही आहे. त्यात आपला मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती कनेक्शन चालू आहेत ते दिसतं. माझ्या नावावर असायला हवेत दोन नंबर, माझा आणि सासूबाईंचा. दिसले पाच.

मग त्यानं आधारच्या साइटवर जाऊन माझा वापराचा इतिहास काढला. मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कधी, कशासाठी वापरलं गेलं ते तिथं तारीख-वेळेसकट असतं. गड्ड्याच्या त्या दिवशी अकरा मिनिटांत बोटाच्या ठशाच्या तीन नोंदी होत्या. तिन्ही यशस्वी. म्हणजे "येईना" ती पहिल्याच वेळी आली होती.

नको असलेल्या तिन्ही नंबरांपुढं 'माझा नंबर नाही' असं नोंदवायची सोय तिथंच आहे, ती केली. पोर्टल पूर्ण नंबर दाखवत नाही, मधले आकडे झाकलेले असतात. पुतण्या शेवटचे चार आकडे वाचत होता आणि मला ते कुठंतरी बघितल्यासारखे वाटले. उठले, कॅलेंडरची पानं मागं उलटली. फेब्रुवारीत, ज्या दिवशी दूध आलं नव्हतं त्या चौकटीत, तेच चार आकडे पेन्सिलनं लिहिलेले. माझ्याच हातानं. नातवाचा 'शारजाहून' आलेला फोन माझ्याच नावावर काढलेल्या सिममधून वाजत होता.

दुसऱ्या दिवशी आयुक्तालयात सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवला. स्टीलच्या डब्याएवढी पेटी, वरती ओळीनं उभ्या अँटेना, उदबत्तीच्या घरात काड्या खोचाव्यात तशा. सिम बॉक्स म्हणतात. आत एका वेळी कितीतरी सिमकार्डं बसतात. परदेशातला फोन इंटरनेटवरून या पेटीत येतो आणि पेटीतलं एखादं सिम तुम्हाला लोकल फोन लावतं. सरळ मार्गानं परदेशी फोन आला तर बाहेरच्या कंपनीला इथल्या कंपनीला जोडणीचे पैसे द्यावे लागतात. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, २०१८ मध्ये तो दर मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैसे केला होता, २०२० च्या मे महिन्यापासून ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवला. पेटीवाले हेच पैसे बुडवतात. पैशातला फायदा दिसायला किरकोळ, पण लाखो मिनिटांवर बघा. शिवाय त्या पेटीतून फक्त आजी-पणतूच बोलत नाहीत. बाहेर बसून 'तुमच्यावर डिजिटल अटक आहे' म्हणत खोटे पोलीस बनून पैसे उकळणारेही तिथूनच बोलतात, आणि ऐकणाऱ्याला नंबर इथलाच दिसतो. तक्रार झाली की पोलीस सिम ज्याच्या नावावर आहे त्याला शोधत येतात. म्हणजे मला.

मी कायदाही विचारून घेतला, बाईच मी. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवून किंवा दुसऱ्याच्या नावानं सिम मिळवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे त्या पोराला. तो सापडेल तेव्हा. माझा जबाब झाला, कॅलेंडरच्या त्या पानांचे फोटो जोडले, तक्रारीची प्रत घेतली. ती प्रत मी आधाराच्या कागदासोबत फाइलला लावून ठेवली आहे, कधी कुणी दारात आलं तर.

१,५०० रुपये मी फोनवरून पाठवले होते. साहेबांनी विचारलं, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तेव्हाच फोन का नाही केला? पैसे गेल्या गेल्या त्या नंबरवर कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येतात. महिन्यानं काय अडवणार. मला तेव्हा ती फसवणूक वाटतच नव्हती, रिचार्ज संपला असं वाटत होतं.

लेकीकडचं निराळंच. जावई फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. तिथल्या कायद्यात व्हीपीएन घेणंच गुन्हा आहे असं नाही, पण त्याच्या आडून गुन्हा केला किंवा लपवला तर पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे. बंदी असलेलं ॲप त्यातून चालवायचं म्हणजे त्या कलमाच्या दारातच जाऊन उभं राहायचं. लेकीनं दोन्ही ॲप काढली, फोन पुसून नव्यासारखा केला, बँकेचे पासवर्ड बदलले. लिंकवरून आलेल्या ॲपनं आत काय काय बघितलं असेल, देव जाणे.

मी आता आधारचा अंगठा लॉक करून ठेवला आहे. त्याच साइटवर होतं, पाच मिनिटांचं काम, रेशनला वगैरे लागला तर तेवढ्यापुरता उघडायचा. तुमच्या घरात कुणी छत्रीखाली सिम घेतलं असेल, पोर्ट केलं असेल, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली असेल, आणि यंत्र "घेत नव्हतं", तर आज संध्याकाळीच संचार साथीवर नंबर मोजा. परदेशातल्या माणसाचा फोन इथल्या नंबरवरून आला तर तेही तिथं कळवता येतं. आणि अंगठा देण्याआधी स्क्रीन आपल्याकडं फिरवून घ्या, मग समोरचा तुमचा विद्यार्थी असला तरी.

फोनचं म्हणाल तर रविवारी मी आमच्याच कंपनीचं आखाताचं आयएसडी पॅक टाकते. मोजकी मिनिटं मिळतात, ती सगळी सासूबाईंची. बाकीचे दिवस समोरच्या घरातली कॉलेजची पोरगी साडेचारला येते, स्वतःच्या फोनवर बोटिम लावून त्यांच्या कानाशी धरते. मी तिला महिन्याला इंटरनेटचे पैसे देते, ती नको म्हणते, आणि चटणीची बरणी मात्र घेते.

सासूबाईंना हे काही पटलेलं नाही. त्यांच्या मांडीवर अजून बटणाचा फोन असतो. अनोळखी नंबर आला की मी ओरडेपर्यंत हिरवं बटण दाबलेलं असतं. परवा कुणीतरी कर्ज हवंय का विचारायला फोन केला होता. त्या म्हणत होत्या, "आवाज बदललाय रे तुझा. जेवलास का?"